१:१६० प्रमाणातल्या स्टेशनासाठी खरा वाटेल असा चालता सिग्नल

नीरेकाठचा | ७ जून, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. गेल्या दीड वर्षापासून मी घरातल्या एका खोलीत आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद फळीवर १:१६० प्रमाणातले, म्हणजे खऱ्याच्या एकशे साठाव्या भागाएवढे, एक लहान मॉडेल स्टेशन उभारतो आहे. स्टेशन काल्पनिक आहे, पण ते १९८० च्या दशकातल्या पुणे-मिरज मार्गावर शोभावे अशी इच्छा आहे. एकेरी मार्ग, एक मुख्य लाइन, एक लूप लाइन (मुख्य लाइनीतून फुटून पुन्हा तिला मिळणारी बाजूची लाइन), बुटका फलाट आणि दोन कडुनिंबाची झाडे एवढाच त्याचा पसारा. रूळ टाकून झाले, खडी चिकटवून झाली, सांधेही (गाडीची लाइन बदलणारे हलते रूळ) हलू लागले. आता काम सिग्नलपाशी येऊन थांबले आहे.

लहानपणी सुट्टीत आम्ही आजोळी जात असू. तिथल्या स्टेशनावर गाडीची वेळ घड्याळावरून कोणी पाहत नसे. कोणीतरी "सिग्नल पडला" असे म्हणे आणि फलाटावरची माणसे पिशव्या उचलून उभी राहत, आई आमच्या चपला शोधू लागे. सिग्नलच्या खांबावरचा तो लाल हात खाली आल्यापासून इंजिन दिसेपर्यंत जी काही मिनिटे जात, ती मला या फळीवर हवी आहेत.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी रेल्वे सिग्नलचे सहा नग मागवले. आले ते तीन दिव्यांचे खांब. त्यांत लाल सर्वांत वर, हिरवा सर्वांत खाली, आणि उंची माझ्या स्टेशनच्या इमारतीच्या दुप्पट. दिवे इतके प्रखर आहेत की अंधारात भिंतीवर रंग पडतो. विक्रेत्याने ते परत घेतले नाहीत. पैसे गेल्यापेक्षा वाईट याचे वाटते की आपल्याकडचा सिग्नल कसा दिसतो, याचा विचार तो बनवताना कोणी केलेलाच नाही. खाली पडणाऱ्या हाताचा, खरोखर हलणारा आणि या प्रमाणात बसणारा सिग्नल कुठे मिळतो का, आणि मिळत नसेल तर तो घरी कसा करावा, हे कृपया सांगावे.

डोंबिवलीकर_८७ | ७ जून, रात्री १०.२५

आपल्याकडे आलेले खांब चौकातल्या वाहतूक दिव्यांची नक्कल आहेत. चौकात लाल वर असतो आणि रेल्वेत नेमके उलटे असते. आपल्या रेल्वेच्या तीन रंगांच्या सिग्नलात लाल सर्वांत खाली, त्यावर पिवळा आणि वर हिरवा असतो, कारण थांबण्याचा दिवा चालकाच्या नजरेच्या पातळीला सर्वांत जवळ हवा. चार दिव्यांच्या सिग्नलात खालून लाल, पिवळा, हिरवा आणि पुन्हा पिवळा अशी मांडणी असते, त्यामुळे दोन पिवळे एकदम लागले तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत. आलेले खांब टाकून देऊ नका. डोके सोडवून उलटे बसवले आणि दिव्यांवरच्या टोप्या पुन्हा वरच्या बाजूला चिकटवल्या, तर रंगांचा क्रम बरोबर होतो आणि पुढेमागे कोणाच्या तरी उपयोगी पडतात.

आपला काळ आणि मार्ग पाहता आपल्याला हाताचाच सिग्नल हवा. डापोल या ब्रिटिश कंपनीने १:१४८ प्रमाणात मोटर बसवलेले सेमाफोर, म्हणजे हाताचे सिग्नल, काढले आहेत आणि त्यांत ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा, हात खाली पडणारा नमुनाही आहे. आपल्या जुन्या सिग्नलांचे घराणे तेच असल्यामुळे दिसण्यात तो पुष्कळ जवळचा आहे. १४८ आणि १६० मधला फरक खांबाच्या उंचीत तीन-चार मिलिमीटर इतकाच येतो.

श्टुटगार्टचा_समीर | ८ जून, पहाटे २.१०

इथे जर्मनीत छंदाच्या दुकानांत फिसमान कंपनीचे सिग्नल १:१६० मध्येही सहज मिळतात. ते हलतात सुंदर, पण मी ते मुद्दाम घेऊ नका असे सांगेन. जर्मन सिग्नलाचा हात खांबाच्या उजवीकडे असतो आणि मोकळीक देताना तो वर उचलला जातो. आपला हात डावीकडे असतो आणि खाली येतो. आरशात पाहून उलटा करता येईल अशी ही गोष्ट नाही. ज्याने लहानपणी आपला सिग्नल पाहिला आहे त्याला फळीकडे पाहिल्याबरोबर काहीतरी चुकले आहे हे जाणवेल, मग कारण सांगता येवो अथवा न येवो.

तांबडी_झेंडी | ८ जून, सकाळी ८.०५

काहीही विकत घेण्यापूर्वी खऱ्या मापाला १६० ने भागून पाहावे. सात मीटर उंचीचा खांब ४४ मिमी होतो, साधारण १४० मिमी व्यासाचा नळीचा खांब ०.९ मिमी होतो, आणि सव्वा मीटरचा हात जेमतेम ८ मिमी भरतो. विकत मिळणाऱ्या सिग्नलांचे खांब पुष्कळदा याच्या दुप्पट जाड असतात आणि म्हणूनच ते खेळण्यासारखे दिसतात.

लिव्हर_क्रमांक_७ | ८ जून, सकाळी ११.३०

मी सिग्नल विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. त्यांतली पहिली बारा वर्षे हाताच्या सिग्नलांवर गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण दिसण्याबद्दल बोलत आहात. मी आधी हालचालीबद्दल सांगतो, कारण सिग्नल खरा की खोटा हे तिथे ठरते. केबिनमधला, म्हणजे जिथून सिग्नल आणि सांधे हलवतात त्या खोलीतला, लिव्हर ओढला की हात लगेच हलत नाही. लिव्हरपासून सिग्नलपर्यंत जमिनीलगत कप्प्यांवरून पोलादी तार गेलेली असते. आधी त्या तारेतला ढिलेपणा निघतो आणि मग हात एकदम खाली येतो, किंचित जास्त खाली जातो आणि एकदा हलकेच सावरून ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान स्थिरावतो. लिव्हर परत टाकल्यावर खांबाच्या पायथ्याशी असलेले वजन खाली बसते आणि हात झटक्याने आडवा होतो. त्या वेळी तो दोन-तीनदा थरथरतो. म्हणजे पडताना ओढ असते आणि उठताना झटका असतो. दोन्ही हालचाली एकाच वेगाने केल्या तर सिग्नल पाहणाऱ्याला तो बरोबर वाटणार नाही.

वजन आणि तार यांची रचना अशी असते की तार तुटली तरी हात आडवाच व्हावा. बिघाड झाला तर सिग्नलाने "थांबा" असेच सांगितले पाहिजे, हा आमच्या कामाचा पाया होता. उन्हाळ्यात दुपारी तार लांबते, हात पुरेसा खाली येत नाही आणि चालक तक्रार करतो. मग केबिनमधल्या ताणयंत्राने तार ओढून घ्यावी लागे. संध्याकाळी ती पुन्हा सैल करणे विसरले तर रात्री हात पुरता आडवा होत नसे, आणि ती चूक त्याहून फार गंभीर होती.

आणखी एक गोष्ट. खांबाला शिडी लावायला विसरू नका. दिवा रॉकेलचा असे आणि तो भरायला, काच पुसायला माणूस रोज वर चढत असे. शिडी नसलेला सिग्नल म्हणजे कोणी कधी न पेटवलेला सिग्नल.

मृण्मयी_इ | ८ जून, दुपारी १.१५

काकांनी सांगितलेली हालचाल घरी करता येते. सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरणारी लहान सर्वो मोटर (एसजी ९०, वजन ९ ग्रॅम) आणि तिला आज्ञा देणारा, प्रोग्राम करता येणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड एवढे पुरते. पडतानाचा आणि उठतानाचा कोन वेगवेगळ्या वेळापत्रकाने द्यायचा. पडताना आधी थोडा थांबा, मग वेगाने ५२ अंशांपर्यंत आणि परत ४८ वर. उठताना एकदम शून्यावर, मग ६ अंश खाली, शून्य, ३ अंश खाली, शून्य. हे आकडे माझ्या १:८७ मधल्या सिग्नलाचे आहेत. आपल्याला डोळ्यांनी पाहून बदलावे लागतील.

अडचण हालचालीच्या मापाची आहे. १:१६० मध्ये हाताला जोडलेली तार एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही. सर्वो थेट जोडला तर त्याला आठ-दहा अंशच फिरावे लागेल आणि त्याची बारीक थरथर हातावर मोठी होऊन दिसेल. म्हणून फळीखाली मध्ये एक तरफ घाला, सर्वोला साठ अंश फिरू द्या आणि ती हालचाल पाच-सहा पटींनी कमी करून खांबापर्यंत न्या. थरथरही तितक्याच पटींनी कमी होते.

वीज सुरू करताना सर्वो दचकतो आणि सगळे सिग्नल क्षणभर पडतात. यावर उपाय म्हणजे प्रोग्राममध्ये सर्वोला पिनशी जोडण्याच्या आज्ञेआधी त्याचा आरंभीचा कोन लिहून ठेवणे. सर्वोंना वीज नॅनोमधून देऊ नका. वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा घ्या आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र करा.

नीरेकाठचा | ८ जून, रात्री ९.००

काका, "कोणी कधी न पेटवलेला सिग्नल" हे वाक्य वाचून मी शिडीसाठी तार कापायला बसलो. दिव्याबद्दल विचारायचे राहिले होते. हाताबरोबर लाल आणि हिरवी काच फिरते, तेव्हा दोन वेगळे एलईडी लावावेत की एकच?

लिव्हर_क्रमांक_७ | ९ जून, सकाळी ७.५०

एकच. दिवा खांबावर स्थिर असतो आणि हाताच्या मुळाशी असलेल्या चष्म्यातल्या काचा त्याच्यासमोरून सरकतात. यात एक बारकावा आहे. चष्म्यातली "हिरवी" काच हातात घेऊन उजेडात पाहिली तर ती चक्क निळसर दिसते. रॉकेलची ज्योत पिवळी असते. पिवळा उजेड निळसर काचेतून गेला की चालकाला हिरवा दिसतो. नव्याने आलेली मुले ती काच पाहून चुकीची काच आली म्हणून परत आणत असत.

मागच्या बाजूचा बारीक पांढरा उजेडही करता आला तर करा. हात आडवा असताना तो स्टेशनच्या बाजूने दिसतो आणि हात पडला की झाकला जातो. अंधारात सिग्नल खरोखर हलला की नाही, हे पाठीमागून कळावे यासाठी ती सोय होती.

डोंबिवलीकर_८७ | ९ जून, सकाळी ९.२०

काकांच्या माहितीवरून उत्तर आपोआप मिळाले. पिवळसर पांढरा ०४०२ मापाचा एलईडी, म्हणजे १ मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद, खांबामागे बसवा आणि चष्म्याला जिलेटिनचा रंगीत कागद लावा. हिरव्यासाठी निळसर हिरवा निवडा. १२ व्होल्टवर २२ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी विद्युतप्रवाह जातो आणि दिवा रॉकेलच्या दिव्यासारखा मंद राहतो. प्रखर दिवा हा लहान प्रमाणातल्या सिग्नलाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझी मांडणी मुंबईच्या उपनगरी मार्गाची आहे. व्हीटी ते भायखळा हा भाग १९२८ मध्येच स्वयंचलित रंगीत दिव्यांवर गेला, त्यामुळे माझ्या वाट्याला दिवेच आले. त्यांतला अनुभव असा की तिन्ही रंगांना एकच रेझिस्टर लावू नये. आजकालचा हिरवा एलईडी त्याच विद्युतप्रवाहात लाल-पिवळ्यापेक्षा कितीतरी झगझगीत दिसतो. माझ्याकडे लाल आणि पिवळ्याला ४.७ किलोओहम आहे, तर हिरव्याला २२.

डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची पद्धतही सांगतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ०.१ मिमीची इनॅमल तार घ्यावी. डागणीच्या टोकावर कथिलाचा थेंब घेऊन तारेचे टोक त्यात दोन-तीन सेकंद बुडवावे. इनॅमल जळून धुराची बारीक रेघ येते आणि तार रुपेरी होते. एलईडी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर उलटा चिकटवावा, तारेचे रुपेरी टोक त्याच्या कडेला टेकवावे आणि डागणी फक्त स्पर्शून काढावी. मी पहिल्या दिवशी अकरा एलईडी जाळले आणि दुसऱ्या दिवशी दोन.

कुर्डुवाडी_जंक्शन | ९ जून, रात्री १०.४५

मापांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिमी आहे. १:१६० मध्ये ती साडेदहा मिमी व्हायला हवी, पण रूळ मिळतात ९ मिमीचे, आणि ही तडजोड आपण सर्वच करतो. मात्र तोच ९ मिमीचा रूळ १:८७ मध्ये वापरला तर बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिमीची नॅरोगेज जवळजवळ अचूक मिळते. भागाकार ८.७६ येतो. ज्यांना मापातली चूक सहनच होत नाही त्यांनी बार्शीची लाइन करावी, असे मी गेली कित्येक वर्षे सांगतो आहे. सिग्नलही कमी लागतात.

तांबडी_झेंडी | १० जून, सकाळी ८.१५

बार्शीचा धागा वेगळा काढावा, मी त्यात नक्की लिहीन. इथे अजून एक प्रश्न कोणी घेतलेला नाही, तो म्हणजे सिग्नल किती आणि कुठे. अशा स्टेशनाला प्रत्येक बाजूने आउटर (सर्वांत बाहेरचा), होम (स्टेशनात शिरण्याचा) आणि स्टार्टर (स्टेशनातून सुटण्याचा) हवेत, आणि आउटरच्या खांबावर खाली माशाच्या शेपटीसारख्या खाचेचा वॉर्नर. होम दोन हातांचा हवा, उंच हात मुख्य लाइनचा आणि बुटका हात लूपचा. यांतले काहीही गाळले तर ते स्टेशन अपुरे राहील.

गणेशखिंडीतला | १० जून, सकाळी १०.३०

तांबडी_झेंडी यांच्याशी मी सहमत नाही. हाताच्या सिग्नलांच्या जुन्या पद्धतीत ब्लॉक ओव्हरलॅपच, म्हणजे सिग्नलापुढे मोकळा ठेवायचा मार्ग, ४०० मीटरचा आहे. १:१६० मध्ये तो अडीच मीटर होतो आणि मूळ प्रश्नकर्त्यांची अख्खी फळी २.४ मीटरची आहे. आउटर लावायचाच म्हटले तर तो होमपासून हातभर अंतरावर येईल, आणि एकामागोमाग एक उभे असलेले हे सिग्नल मापांतल्या कोणत्याही चुकीपेक्षा जास्त खोटे दिसतील. नव्या पद्धतीतला डिस्टंट, म्हणजे होमची आगाऊ सूचना देणारा सिग्नल, तर होमच्या एक किलोमीटर आधी असतो, म्हणजे होमपासून सव्वासहा मीटरवर, शेजारच्या घरात. होम आणि स्टार्टर उत्तम करावेत आणि आउटर नजरेआड आहे असे मानावे. न दाखवलेली वस्तू खोटी ठरत नाही.

तांबडी_झेंडी | १० जून, दुपारी १२.५०

फळीवर जागा नसेल हे मान्य. पण वॉर्नरशिवाय न थांबता जाणारी गाडी कशी दाखवणार? मुख्य लाइनवरचे पुढचे सगळे सिग्नल पडल्याखेरीज वॉर्नर पडत नाही. तो पडलेला दिसला की चालकाला कळते की मार्ग पार पुढेपर्यंत मोकळा आहे. एक्स्प्रेस वेगात निघून जाण्याचा सगळा डौल त्या एका हातावर आहे.

लिव्हर_क्रमांक_७ | १० जून, संध्याकाळी ६.२०

दोघांचेही म्हणणे राखता येईल. गाडी जिथून फळीवर येते, त्या टोकाला खिंड किंवा पूल असेल तर त्याच्या तोंडाशी एकच आउटर वॉर्नरसह ठेवा, तोही फक्त एका बाजूचा. दुसऱ्या बाजूचा वळणापलीकडे आहे असे समजा. आमच्या केबिनमधूनसुद्धा एका बाजूचा आउटर दिसत नसे. तो पडला की नाही हे आम्हाला केबिनमधल्या दर्शकावर पाहावे लागे.

मृण्मयी_इ | १० जून, रात्री ९.४०

आता स्वयंचलन. रुळाखाली हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा) आणि इंजिनाच्या पोटात लहान चुंबक बसवला की गाडी सिग्नल ओलांडताच सिग्नल आपोआप आडवा करता येतो. इन्फ्रारेड सेन्सरही चालतो, पण खिडकीतून ऊन येत असेल तर तो फसतो. हॉल सेन्सरला उन्हाचे काहीच वाटत नाही.

लिव्हर_क्रमांक_७ | ११ जून, सकाळी ७.३५

मृण्मयीताई, आपली युक्ती डोंबिवलीकरांच्या मांडणीला अगदी योग्य आहे, कारण तिथे खरे सिग्नलही तसेच वागतात. या स्टेशनासाठी मात्र मी ती सुचवणार नाही. आमच्या केबिनमध्ये गाडी आत येत असताना आम्ही खिडकीत उभे राहत असू. शेवटच्या डब्यावरची खूण, दिवसा पाटी आणि रात्री तांबडा दिवा, डोळ्यांनी पाहिल्यानंतर आणि संपूर्ण गाडी आत आल्याची खात्री झाल्यानंतरच होमचा लिव्हर परत टाकायचा. इंजिन पुढे गेले म्हणून हात उठत नसे. तो केबिनमनने उठवलेला असे.

त्यामुळे माझे सांगणे असे आहे की हात यंत्राने हलवा, पण तो कधी हलवायचा हे माणसावर सोडा. फळीच्या कडेला सात-आठ लिव्हरांची लहान चौकट बसवा. सिग्नलांचे लिव्हर लाल, सांध्यांचे काळे, सांधे जखडणाऱ्या कुलपांचे निळे आणि मोकळे असतील ते पांढरे. आणि ती चौकट अशी करा की सांधा लूपकडे असताना मुख्य लाइनचा हात कितीही ओढला तरी पडता कामा नये. सिग्नल "चालता" होतो तो इथे. हात हलणे ही त्यातली सोपी अर्धी बाजू आहे.

मृण्मयी_इ | ११ जून, सकाळी ९.१०

काका, पटले. त्यासाठी प्रोग्रामसुद्धा लागणार नाही. प्रत्येक सांध्याच्या सरकत्या पट्टीखाली एक मायक्रोस्विच बसवायचा आणि सिग्नलाच्या लिव्हरची तार त्यातून न्यायची. सांधा पूर्ण बसला नाही तर स्विच जुळत नाही आणि नॅनोला लिव्हर ओढल्याचे कळतच नाही. तार तुटली तरी परिणाम तोच होतो, हात आडवा राहतो.

अनघा_मिरज | ११ जून, दुपारी ४.००

दोन गोष्टी सुचवते. खांबातून हातापर्यंत जाणारी तार बारीक आणि ताठ हवी, तांब्याची वाकते. मिरजेला सतारमेकर गल्लीत सतारीच्या तरफांसाठी (मुख्य तारांखाली झंकारणाऱ्या तारांसाठी) पोलादी तार मिळते. ती पाव मिमीच्या आसपास असते आणि लोंबती राहूनही सरळ राहते. माझ्या सर्व सिग्नलांत तीच आहे.

दुसरी गोष्ट स्टार्टरची. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, दिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी नीलचे टोकन यंत्र होते. त्यातून लोखंडी गोळा निघे, तो वेताच्या कड्याला बांधलेल्या थैलीतून चालकाला दिला जाई, आणि तो गोळा हाच पुढे जाण्याचा परवाना असे. मी सायकलच्या मागच्या चाकातला पाव इंची छर्रा गोळा म्हणून वापरते. नियंत्रणपेटीवर लाकडात खोबण करून तिच्या तळाशी पितळेच्या दोन पट्ट्या जवळजवळ बसवल्या आहेत. छर्रा खोबणीत ठेवला की पट्ट्या जोडल्या जातात आणि तेव्हाच स्टार्टरचा लिव्हर लागू होतो. छर्रा एकच असल्यामुळे दोन्ही बाजूंनी गाड्या सुटूच शकत नाहीत. माझी नऊ वर्षांची भाची पहिल्याच दिवशी हे न सांगता समजली. तिने छर्रा मुठीत धरला आणि म्हणाली, "आता माझ्याशिवाय गाडी जाणार नाही."

कुर्डुवाडी_जंक्शन | ११ जून, रात्री ८.३०

अनघाताई, ही फार सुंदर कल्पना आहे. मी माझ्या लाइनवर उद्याच करतो.

नीरेकाठचा | २१ सप्टेंबर, रात्री १०.१०

साडेतीन महिन्यांनी परत येतो आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते असे, की विकत काहीच घेतले नाही. पहिला होम सिग्नल काल रात्री उभा राहिला, छायाचित्रे सोबत आहेत.

खांबासाठी २० गेजची इंजेक्शनची सुई वापरली. तिचा बाहेरचा व्यास ०.९१ मिमी आहे, म्हणजे तांबडी_झेंडी यांचा भागाकार जसाच्या तसा उतरला. आतून इनॅमलच्या दोन तारा जातात, आणि सतारीची तार खांबाच्या बाहेरून शिडीलगत जाते. हात शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्यातून ब्लेडने कापला. टोकाजवळचा पांढरा पट्टा रंगवताना ब्रश जाड पडू लागला, म्हणून शेवटी कागदाची पांढरी कड कापून चिकटवली. चष्म्याच्या दोन भोकांतले हिरव्याचे भोक दोनदा फाटले. जिलेटिनचा कागद बाहेरून निळसर दिसतो आणि मागे दिवा लागला की हिरवा होतो. काका, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी खोलीतला दिवा चार वेळा लावून-बंद करून पाहिला.

एक चूक झाली तीही सांगतो. सर्वो फळीला थेट स्क्रूने बसवला होता. हात थरथरण्याऐवजी अख्खी फळी गुरगुरत असे. सर्वोखाली जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घातला आणि हालचाल संपल्यावर सर्वोचा संदेश प्रोग्राममधूनच बंद केला. आता पूर्ण शांतता असते.

गणेशखिंडीतल्यांचे ऐकून आउटर एकाच बाजूला, खिंडीच्या तोंडाशी ठेवणार आहे, आणि तांबडी_झेंडी यांच्यासाठी त्यावर वॉर्नर असेल. लिव्हरांची चौकट तयार आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात मुलाला घेऊन गेलो होतो. तिथे गाड्या आणि दिवे आपोआप चालताना पाहून तो हरखून गेला. घरी आल्यावर मात्र तो चौकटीपाशी उभा राहिला आणि लूपचा सांधा लागलेला असताना मुख्य लाइनचा लिव्हर ओढून पाहू लागला. हात हलला नाही. त्याने सांधा बदलला, पुन्हा ओढला, आणि हात पडला.

लिव्हर_क्रमांक_७ | २२ सप्टेंबर, सकाळी ७.२०

छायाचित्रे मोठी करून पाहिली. शिडी उत्तम झाली आहे. एकच दुरुस्ती सुचवतो. बुटका हात मुख्य हाताच्या फार जवळ आला आहे, रात्री दोन्ही दिवे एकात एक दिसतील. दोन मिलिमीटर खाली घ्या. आणि पाठीमागचा पांढरा उजेड दिसला नाही. राहिला आहे की छायाचित्रात आला नाही?

नीरेकाठचा | २२ सप्टेंबर, रात्री ९.३५

राहिला होता, काका. आज संध्याकाळी दिव्यामागच्या काळ्या रंगाला सुईच्या टोकाने एक छिद्र पाडले आणि हाताच्या मुळाशी झाकणासाठी पत्र्याचा कण चिकटवला. खोलीत अंधार करून फलाटाच्या बाजूने पाहिले तर हात आडवा असताना टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो, आणि मुलगा चौकटीवरून "सिग्नल पडला" म्हणतो तेव्हा तो नाहीसा होतो. बुटका हात रविवारी खाली घेतो.